‘उलटी किल्ली’चा शेवट

१

केळझरच्या गणपतीपुढे नारळ फोडून मंडळी सेलूला परतली, तेव्हा स्टुडिओच्या उंबऱ्यावर तुटलेलं कुलूप पडलेलं होतं आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

स्टुडिओ म्हणजे बसस्टँडमागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पियुष झाडे लग्नाचे अल्बम दाखवायचा. मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि गेलं वर्षभर तिथं ‘उलटी किल्ली’ नावाचा सिनेमा आकार घेत होता. गावातल्या लोकांनी, गावातच चित्रित केलेला. शनिवारी वर्ध्याच्या सभागृहात त्याचा पहिला खेळ होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

कॉम्प्युटरचा डबा उघडा होता. आतली हार्ड डिस्क काढून नेलेली होती. कपाटात जपून ठेवलेली दुसरी प्रतही गेली होती.

पौर्णिमा ताकसांडे पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती वर्ध्याला पोलिसांच्या सायबर शाखेत उपनिरीक्षक. आज सुट्टीवर होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होती, आणि पोलीस म्हणून आलेलीही नव्हती. सिनेमाचं संकलन करणारी समीक्षा तिची मावसबहीण. तिनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, “ताई, सगळे माझ्याकडेच पाहून राह्यले. तू ये.”

पाहत होते त्याला कारण होतं. स्टुडिओच्या किल्ल्या दोनच, एक पियुषकडे आणि एक समीक्षाकडे. पंधरवड्यापूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. समीक्षाला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलेलं होतं, त्यामुळे ती सिनेमा तिकडं विकून मोकळी झाली अशी कुजबुज दुपारीच सुरू झाली. आणि केळझरला सगळे देवळात गेले तेव्हा ती एकटीच खाली राहिली होती.

“काऊन राह्यली खाली?” पौर्णिमानं विचारलं.

“मी कुठं देवळात जातो, ताई? टपरीवर चहा पीत बसली.” समीक्षाचे डोळे सुजले होते. “आता म्हणून राह्यले, तेवढ्यात गाडी घेऊन सेलूला येऊन गेली असंन.”

पौर्णिमानं खोलीभर नजर फिरवली. टेबलावर पियुषचा मोठा कॅमेरा तसाच होता. शेजारी दोन भिंगं. खोलीत सगळ्यात महाग वस्तू त्याच. चोरानं त्यांना हात लावला नव्हता.

“म्हणजे त्याले फक्त सिनेमाच पायजे होता,” ती म्हणाली.

पियुष भिंतीला टेकून उभा होता. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. “ताई, तक्रार नको,” तो म्हणाला. “गेला तं गेला. खेळ रद्द झाला म्हणून सांगून देऊ. कोनाच्या मागं पोलीस नाई लावायचे मले.”

वर्षभराची मेहनत गेलेला माणूस इतक्या समजूतदारपणे बोलतो याचं पौर्णिमाला नवल वाटलं. तिनं उंबऱ्यावरचं कुलूप उचललं. कडी करवतीनं कापावी तशी कापलेली होती. तिनं समीक्षाकडून किल्ली मागून घेतली आणि सहज कुलपात घालून पाहिली.

किल्ली आत गेली, पण फिरली नाही. तिनं दुसऱ्यांदा फिरवून पाहिली. मग कुलूप आपल्या पर्समध्ये टाकलं.

ते या दाराचं कुलूप नव्हतंच.

२

याचा अर्थ सरळ होता. कोणी दार फोडलेलं नव्हतं. दार किल्लीनं उघडलं गेलं, खरं कुलूप खिशात गेलं आणि दुसरंच एक तुटकं कुलूप देखाव्यासाठी उंबऱ्यावर ठेवलं गेलं. समीक्षावरचा संशय यानं कमी होत नव्हता, उलट वाढत होता. म्हणून पौर्णिमानं ही गोष्ट सध्या स्वतःपाशीच ठेवली.

गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याच्या बाकावर तिनं समीक्षाला बसवलं.

“भांडण कायचं होतं?”

“शेवटाचं. पूर्ण सिनेमा मी जोडला, ताई. एकेक तुकडा. आणि शेवटची वीस मिनिटं आली तं हा म्हणते, शेवट मीच जोडतो, तू पाहू नको. मी म्हटलं, संकलक मी हाय का तू? तर म्हणे, गुपित फुटते.”

“मंग तू शेवट पाह्यलाच नाई?”

“नाई. कोनंच नाई पाह्यला. हा आठ दिवस दार लावून एकटाच बसला आणि म्हणे, झाला.”

पौर्णिमानं कप खाली ठेवला. “बाकीचा सिनेमा कुठंच नाई राह्यला?”

“हाय ना. शेवट सोडून सगळा माझ्या लॅपटॉपवर हाय. जुनी प्रत हाय, रंग नीट करा लागंन, पण हाय. मी दुपारीच सांगतलं त्याले. म्हटलं, घाबरू नको, शेवट तेवढा पुन्हा जोडू. शूटिंगची कार्डं तं तुझ्या घरीच हायेत.”

“मंग? खूश झाला असंन.”

समीक्षा थांबली. आठवून पाहत असावी. “नाई,” ती सावकाश म्हणाली. “तोंड उतरलं त्याचं. म्हणे, ते कार्डं मी पुसून टाकले.”

रस्त्यावरून कापसानं भरलेली ट्रॅक्टरची रांग जिनिंगकडे चालली होती. 

चोरी झालेल्या माणसाला निम्म्याहून जास्त माल सुखरूप आहे म्हटलं की त्याचं तोंड उजळतं. पियुषचं उतरलं होतं.

“या सिनेमाची गोष्ट काय हाय, मले नीट सांग,” पौर्णिमा म्हणाली.

समीक्षानं सांगितली. एका गावच्या विहिरींचं पाणी तांबूस होतं. गावाजवळच्या रंगाच्या फॅक्टरीत पाण्याच्या तपासणीचे खरे अहवाल दडवलेले असतात, कॉम्प्युटरच्या सात कुलपांआड. गावातली तीन पोरं तो कॉम्प्युटर बाहेरून फोडून अहवाल पळवायचा बेत करतात. नायकाची आई त्याच फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि पोराला सारखी अडवते. पोरं शेवटी फसतात, पकडली जातात. इथवर समीक्षानं जोडलेलं होतं. तरीही अहवाल सकाळच्या पेपरात छापून येतात आणि आळ फॅक्टरीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरवर येतो. अहवाल फुटले कसे, हे शेवटात होतं.

“हे तं आपल्या इकडं झालेलंच हाय,” पौर्णिमा म्हणाली.

“हाव. त्या नागपूर रस्त्यावरच्या फॅक्टरीचे अहवाल फुटले होते ना चार-पाच वर्षांआधी. रोशनचा भाऊ त्यातच नोकरीवरून गेला.”

रोशन म्हणजे सिनेमाचा नायक. पौर्णिमा उठली. तिला आता त्याच्याकडेच जायचं होतं.

३

रोशन वैरागडे केळीच्या वखारीवर हिशेब पाहायचा. तो उंच आणि देखणा होता, आणि आज भडकलेला होता.

“तुमच्या बहिणीले विचारा ताई, मले काय विचारता?” तो म्हणाला. पण पौर्णिमा शांतपणे खुर्ची ओढून बसली, तसा तोही बसला.

“भावाचं काय झालं होतं?” तिनं विचारलं.

रोशनचा आवाज खाली आला. “प्रफुल्लदादा तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होता. पेपरात अहवाल आले तं साहेब म्हणे, कॉम्प्युटर तुझ्या हाती, फोडले तूच. त्यानं लय सांगतलं, मी नाई केलं. काढून टाकलं. मंग कोनं नोकरी देईना. आता शाळेची गाडी चालवते. बोलतच नाई कोनाशी. कॉम्प्युटरले हात लावत नाई.”

“म्हणून तू सिनेमात आला?”

“मधुकरराव सरांनी गोष्ट लिहिली. ते म्हणे, शेवटात ऑपरेटर निर्दोष निघते. म्हटलं, मंग मी करतो काम. लोकं पाहतीन तं निदान त्यायच्या मनात येईन का असंही झालं असंन.” त्यानं हात चोळले. “आता तोच शेवट गेला.”

“तुले माहीत होता का शेवट?”

“नाई. पियुष ज्याची त्याले त्याचीच पानं द्याचा. मी फाटकापाशी पकडल्या जातो, तिथं माझं काम संपलं.”

पौर्णिमानं त्याला आज सकाळचं विचारलं. सगळे गाडीत बसले होते, रोशन सांगत होता, आणि पियुष कुलूप लावून आलाही होता. मग म्हणे कॅमेऱ्याची बॅटरी विसरली. परत गेला, लगेच आला. केळझरला पोचल्यावर देवळापुढे सगळ्यांचा फोटो काढला.

“फोटो दाखव बरं.”

रोशननं मोबाईल पुढे केला. सगळे हसत उभे होते. नारळ पियुषच्या हातात होता. त्याच्या खांद्याला एक जाड बॅग अडकवलेली होती.

“तुझ्या मोबाईलवर काऊन काढला फोटो? पियुष कॅमेरा घेऊन गेला नव्हता?”

“नाई नेला ना त्यानं. स्टुडिओतच राह्यला तो.”

मोबाईल परत देताना पौर्णिमाच्या डोळ्यांपुढे स्टुडिओतलं टेबल उभं राहिलं. कॅमेरा तिथंच होता. मग पियुष बॅटरी कशासाठी आणायला गेला होता?

४

चोर कोण ते तिला कळलं होतं. फक्त त्यात काही अर्थ लागत नव्हता. स्वतःचाच सिनेमा स्वतः पळवून माणूस काय मिळवतो? विमा नव्हता, विकायचा म्हटलं तरी चोरायची गरज नव्हती. पियुषला गाठून विचारलं असतं तर तो कदाचित कबूल झाला असता, पण ‘का’ ते त्यानं सांगितलं नसतं. असं गप्प राहणारी माणसं तिनं नोकरीत पुष्कळ पाहिली होती. ती स्वतःसाठी क्वचितच गप्प राहतात.

ती कोकिळाबाई उगेमुग्यांकडे गेली. सिनेमात नायकाची आई झालेल्या कोकिळाबाई खरोखरही एका प्रयोगशाळेतच कामाला होत्या. त्या बी.एस्सी. झालेल्या, पन्नाशीच्या पुढच्या. नवरा गेल्यापासून घर त्यांच्यावरच होतं. मुलगी मयुरी सावंगीला नर्सिंगला होती.

“या ताई, बसा,” त्यांनी गॅसवर चहा ठेवला. “समीक्षाच्या बहीण ना तुमी? पोरगी चांगली हाय वो. तिनं नाई केलं हे.”

“कोनं केलं असंन मंग?”

“मले काय माहीत.” त्यांनी पाठ फिरवून साखर घातली.

“शेवटात तुमचं काम होतं का?”

“नाई. माझं काहीच नव्हतं त्यात. पोराले रागावतो, दार लावतो, रडतो, झालं.”

“तुम्ही नोकरी कुठं करता?”

त्यांनी फॅक्टरीचं नाव सांगितलं. नागपूर रस्त्यावरची तीच. पौर्णिमानं चेहरा हलू दिला नाही.

“म्हणजे प्रफुल्ल तुमच्याच संगं होता. वाईट झालं त्याचं. कॉम्प्युटरमधून अहवाल फोडले म्हणतात.”

“कॉम्प्युटरमधून नाई फुटले ते,” कोकिळाबाई म्हणाल्या.

आणि थांबल्या. चहा उतू जायला आला होता. त्यांनी गॅस बंद केला, पण कप घेतले नाहीत. ओट्याला हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. 

“चहा राहू द्या, काकू,” पौर्णिमा म्हणाली. “मी येतो.”

५

मधुकरराव देवतळे सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. अंगणात खुर्ची टाकून संत्री सोलत बसले होते. सिनेमाची चोरी त्यांना स्वतःवरचा घाव वाटत होती.

“शेवट सांगा सर,” पौर्णिमा म्हणाली. “आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.”

“आधी मांडणी समजून घे, म्हणजे शेवट समजेल.” ते शिकवण्याच्या आवाजात आले. “अशा चोरीच्या सिनेमात बेत दोन असतात. पहिला बेत पात्रं एकमेकांना मोठ्यानं समजावून सांगतात. नकाशा, वेळ, कोण कुठं उभं राहील, सगळं. जो बेत प्रेक्षकाला आधी सांगितला तो फसलाच पाहिजे. नाहीतर पुढं पाहायचं काय?”

“आणि दुसरा?”

“दुसरा कोणी बोलत नाही. तो तोवर पार पडून गेलेला असतो. सगळे एका दाराकडे बघत असतात आणि माल दुसऱ्याच दारानं केव्हाच निघून गेलेला असतो. मग शेवटी आपण मागं जातो. आधी पाहिलेलाच एखादा साधा प्रसंग पुन्हा दाखवतो, फक्त दुसऱ्या बाजूनं. तो उलगडा. तो नसेल तर पोरं पकडली गेली एवढीच गोष्ट उरते. सिनेमा त्या एका प्रसंगावर उभा असतो, बाई.”

“तुमच्या गोष्टीत माल कोणत्या दारानं गेला?”

मधुकररावांनी संत्र्याची फोड तिच्या हातावर ठेवली. “मी असा विचार केला. पोरांनी कॉम्प्युटर फोडायचा, हे ठरलं. फॅक्टरीनंही कॉम्प्युटरच सांभाळला. मग ज्याच्याकडे कोणी बघत नाही असं तिथं काय आहे? पाणी तपासायचं यंत्र. त्याच्या पोटातही सगळे आकडे साठवलेले असतात. ते बिघडलं की नागपूरला दुरुस्तीला जातं. पाठवण्याआधी आकडे पुसायचे असतात. प्रयोगशाळेतली बाई ते पुसत नाही. पेपरवाल्याला एक फोन करते की यंत्र अमुक दुकानात पडलंय. बस्स. कुणी काही फोडलं नाही, कुणी काही चोरलं नाही. आकडे पोटात घेऊन यंत्र टेम्पोत बसून गेलं.”

“बाई म्हणजे नायकाची आई.”

“तीच. जी सगळ्या सिनेमाभर पोराला अडवते. अडवते कशासाठी, तर काम झालेलं असतं म्हणून. सगळा शेवट कोकिळाबाईंच्या खांद्यावर आहे. त्यांची ती पानं मुद्दाम अगदी शेवटी, चित्रणाच्या तोंडावर द्यायला मी पियुषला सांगितलं होतं.”

पौर्णिमाच्या हातातली फोड तशीच राहिली. “तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं, सर? यंत्राचं?”

“कोणी सांगायला कशाला हवं? मी विज्ञानाचा शिक्षक. विचार करून काढलं.” ते किंचित दुखावले. “का? पटत नाही?”

“पटतं,” पौर्णिमा म्हणाली. “फारच पटतं.”

बाहेर येऊन ती गाडीत बसली, पण गाडी सुरू केली नाही. लेखक म्हणत होता की सगळा शेवट कोकिळाबाईंवर आहे. कोकिळाबाई म्हणत होत्या की शेवटात त्यांचं काही नव्हतंच. दोघंही खरं बोलत होते. तसं असेल तर एकच गोष्ट शक्य होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. रोशन दारापाशी उभा राहिला, मधुकरराव खुर्चीवर, समीक्षा कोपऱ्यात. कोकिळाबाई कामाला निघायच्या साडीतच आल्या होत्या. पियुष कॉम्प्युटरच्या रिकाम्या डब्याशेजारी बसला.

पौर्णिमानं कुलूप टेबलावर ठेवलं आणि किल्ली त्यात फिरत नाही हे दाखवलं. “दार फुटलं नाही. ते किल्लीनं उघडलं होतं.”

सगळ्यांनी समीक्षाकडे पाहिलं.

“समीक्षानं नाई,” पौर्णिमा म्हणाली. “खेळ होऊ द्यायचा नसता, तर तिनं आपल्याजवळची प्रत काऊन दाखवली असती? काल गाडी निघताना एक माणूस कॅमेऱ्याची बॅटरी आणायले परत आला. कॅमेरा मात्र या टेबलावरच होता. त्यानं डिस्क आधीच काढून ठेवली होती. परत आला तेव्हा दुसरी प्रत बॅगेत टाकली, घरून आणलेलं तुटकं कुलूप उंबऱ्यावर ठेवलं आणि दार उघडं टाकून गेला. सिनेमा केळझरले गेलता, तुमच्याच संगं. त्याच्या खांद्यावर.”

पियुषनं ते नाकारलं नाही. तो समीक्षाकडे पाहत म्हणाला, “तुझ्यावर येईन हे माझ्या ध्यानातच आलं नाई. खरंच नाई आलं. मले वाटलं, चोर कोनीतरी बाहेरचा म्हणतीन आणि विसरतीन.”

समीक्षानं पुढे येऊन टेबलावरची आपली किल्ली उचलली. 

“पण काऊन?” मधुकरराव खुर्चीतून उठले. चिडल्यावर त्यांची पुस्तकी भाषा सुटली. “माझा शेवट काऊन पळवला तू?”

“शेवट त्यानं पळवला नाई, सर,” पौर्णिमा म्हणाली. “शेवट नव्हताच. रोशनचं काम फाटकापाशी संपलं. कोकिळाकाकूंचं दार लावून रडण्यापाशी संपलं. तुमीच सांगतलं का उलगड्याच्या प्रसंगाशिवाय सिनेमा उभा राहत नाई. तो प्रसंग कोनीच केला नाई. तो चित्रितच झाला नाई. आठ दिवस पियुष या खोलीत नुसता बसून होता. शनिवार जवळ आला आणि दाखवायले काही नव्हतं. म्हणून सिनेमाच गायब केला.”

“सांगाचं ना मंग,” रोशन पुढे आला. “नाई झालं म्हणून सांगाचं. काऊन नाई केला तो प्रसंग?”

पियुष रिकाम्या डब्याचं झाकण लावू लागला.

“सांग.”

“नाई सांगत,” पियुष म्हणाला. “मले मारलं तरी नाई सांगत.”

रोशननं पौर्णिमाकडे वळून पाहिलं. “तुम्हाले माहीत हाय. सांगा तुमी.”

माहीत होतं. उलगडा तिच्या जिभेवर होता, आणि खोलीतला प्रत्येकजण त्याचीच वाट पाहत होता. एका वाक्यात प्रफुल्ल सुटला असता आणि दुसऱ्या कुणाची तरी नोकरी, मुलीचं शिक्षण, गावातलं नाव पणाला लागलं असतं. ती पोलीस होती, पण इथं कुठला गुन्हा नोंदलेला नव्हता. हे सांगण्याचा हक्क आपला नाही, असं तिला स्वच्छ दिसलं.

“माझं काम समीक्षापुरतं होतं,” ती म्हणाली. “ते झालं. पुढचं मी सांगणार नाही.”

“मंग माझा भाऊ...” रोशन म्हणाला.

“पियुष,” कोकिळाबाई म्हणाल्या, “राहू दे बापा. तू लय केलं माझ्यासाठी.”

त्या उभ्या राहिल्या नाहीत. बसल्या जागीच, हात मांडीवर ठेवून बोलल्या. “रोशन, ते मी केलं होतं. सरांनी लिहिलं तसंच. यंत्र दुरुस्तीले चाललं होतं. आकडे पुसाचे होते, मी नाई पुसले. आमच्या भावाच्या विहिरीचं पाणी त्यात होतं. फोन मीच केला. मले वाटलं, कोनाचंच नाव येणार नाई. आणि आठ दिवसांनी प्रफुल्लले काढलं.” त्यांनी रोशनकडे पाहिलं. “तवा बोलाले पायजे होतं. मयुरी लहान होती. आज बोलतो, उद्या बोलतो करत राह्यली. मंग सरांची पानं वाचली तं हातपाय गळले. याच्यापाशी आली आणि म्हटलं, हे नको करू. यानं एक शब्द नाई विचारला.”

मधुकरराव तोंड उघडं ठेवून ऐकत होते. आपण रचलेली गोष्ट आपल्याच पुढ्यात बसून बोलते आहे हे त्यांना पेलवत नव्हतं.

रोशन दारातून बाहेर गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. कोकिळाबाईंनी साडीचा पदर नीट केला. “तो प्रफुल्लले आणाले गेला असंन,” त्या म्हणाल्या. “आणू दे.”

७

प्रफुल्ल आला तो शाळेच्या गाडीच्या खाकी कपड्यांतच. चाळिशीतच केस पिकलेला. रोशननं रस्त्यात त्याला सगळं सांगितलं असावं. तो आत आला आणि कोकिळाबाईंसमोर स्टूल ओढून बसला. 

“काकू,” तो म्हणाला, “कॉम्प्युटरमधून नाई गेलं ना? नक्की?”

“नाई रे बाबा. तुझ्या कॉम्प्युटरचा काही संबंधच नव्हता.”

“मले वाटे, माझ्याच हातून काहीतरी उघडं राह्यलं असंन.” त्याचा आवाज अगदी साधा होता. “मी फोडलं नाई हे मले माहीत होतं. पण जेवाले गेलतो तवा बंद नसंन केलं, कोनाले पासवर्ड दिसला असंन, असं रोज मनात ये. झोपताना ये. गाडी चालवताना ये. लोकं म्हणत त्याचं एवढं नाई वाटलं. हेच खाऊन राह्यलं होतं.”

कोकिळाबाईंनी त्याचे हात धरले आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. प्रफुल्ल हात सोडवून न घेता बसून राहिला. रोशन खिडकीकडे तोंड करून उभा होता.

शनिवारचा खेळ पुढे ढकलला गेला. त्या आठवड्यात कोकिळाबाई स्वतः साहेबांच्या खोलीत जाऊन सांगून आल्या. साहेबांनी राजीनामा मागितला, तो त्यांनी दिला. पुढे वकिलाच्या सल्ल्यानं फॅक्टरीनं प्रफुल्लला परत बोलावलं. तो गेला नाही, पण त्याच्यावरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र त्यानं लिहून घेतलं आणि आईच्या हातात दिलं. सावंगीच्या एका खासगी लॅबमध्ये कोकिळाबाईंना काम मिळालं. पगार कमी होता. मयुरीनं वसतिगृह सोडलं, मायलेकी एका खोलीत राहू लागल्या.

उलगड्याचा प्रसंग दुपारच्या उन्हात, एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या आवारात चित्रित झाला. समीक्षानं पुण्याला जाणं महिनाभर लांबवलं आणि शेवट तिनंच जोडला. मधुकररावांनी एकही शब्द बदलला नाही. फक्त लेखक म्हणून आपल्या नावाखाली कोकिळाबाईंचं नाव टाकायला त्यांनी पियुषला सांगितलं. कोकिळाबाई नको म्हणाल्या, पण त्यांनी ऐकलं नाही.

वर्ध्याच्या सभागृहात खेळ झाला त्या दिवशी पौर्णिमा मागच्या रांगेत बसली. पुढे प्रफुल्लची आई यशोदाबाई आली होती. इतक्या वर्षांत मुलाबरोबर ती पहिल्यांदाच चारचौघांत आली होती. कोकिळाबाई उशिरा आल्या, भिंतीलगत उभ्या राहिल्या. त्यांना पाहून यशोदाबाईनं मान फिरवली. प्रफुल्लनं आईला काहीतरी हळू आवाजात सांगितलं.  दिवे मंद व्हायला लागले तेव्हा तिनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि भिंतीकडे न पाहताच म्हणाली, “ये बाई, इथं बस. उभ्यानं किती वेळ पाहशीन.”